पायवाली सिस्टर

सुलभा सिस्टर माणसाच्या तोंडाकडे सगळ्यात शेवटी बघायची. आधी पाय. रस्त्यात भेटो, लग्नात भेटो, कोणाच्या तेराव्याला भेटो, तिची नजर पहिली खाली. आमच्या वाडीत एका घरी नव्या सुनेचं हळदीकुंकू होतं, तिथे हिने सगळ्या बायकांसमोर सांगितलं की मुलीच्या डाव्या टाचेला भेग आहे, आत माती गेलीय, आधी पाय धुवा आणि मग ओटी भरा. सुनेची सासू मला बाजूला घेऊन म्हणाली, या बाईला पुढच्या वेळी बोलवायचं नाही. आता यात माझा काय संबंध? पण आमच्या आणि सुलभाच्या घरांमध्ये एकच गडगा, चिऱ्यांचा, कमरेएवढा, त्यामुळे तिच्याबद्दलच्या सगळ्या तक्रारी माझ्याकडे यायच्या.

मी रत्नागिरीच्या बाजारात चपलांचं दुकान चालवायची. नवऱ्याचं दुकान, तो गेल्यावर माझ्या गळ्यात पडलं. मी मुळात फटकळ, गिऱ्हाइकाशी गोड बोलणं मला जमत नाही, तरी दुकान चाललं, कारण चपला कोणालाही लागतात. सुलभा हॉस्पिटलात नर्स होती. लग्न केलं नाही. का केलं नाही हे मी कधी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. थोरला भाऊ, ज्याला सगळी वाडी दादाच म्हणायची, आणि सुमनवहिनी यांच्याकडे राहायची. दादा शाळेत शिपाई होता, निवृत्त झाल्यावर घरामागची आंब्याची कलमं बघायचा. त्यांचा मुलगा प्रशांत नोकरीला मुंबईत. एवढंच घर.

ती दुकानात पहिल्यांदा कामासाठी आली तेव्हा मला वाटलं स्वतःला चप्पल घ्यायला आलीय. तिला हव्या होत्या मागे पट्टा असलेल्या मऊ चपला, स्वतःला नाही, पेशंटना. म्हणाली, साखर असलेल्या माणसाचे पाय हळूहळू बधिर होतात, चप्पल निसटून पडली तरी त्याला कळत नाही, तो तसाच चालत घरी जातो. मी म्हटलं, काहीतरीच. चप्पल पडली हे कोणाला कळत नाही? माल पडून राहिला तर तू घेणार आहेस का? ती पिशवी उचलून गेली.

मग एक दिवस एक निवृत्त गुरुजी दुकानात शिरले. एका पायात चप्पल, दुसरा उघडा. बसले, मोजे बघितले, भाव विचारला, उठले आणि निघताना माझ्याशी भांडायला लागले की तुमच्या दुकानात माझी चप्पल चोरीला गेली. मी म्हटलं, गुरुजी, तुम्ही आलात तेव्हाच एक होती. त्यांना पटेना. शेवटी त्यांची चप्पल दोन दुकानं सोडून भाजीवालीच्या टोपल्यांपाशी सापडली. तळपायात एक काचेचा तुकडा घुसलेला होता, तो मी दाखवला तेव्हा ते नुसते बघत राहिले, जणू तो पाय दुसऱ्या कोणाचा होता. त्या आठवड्यात मी पट्ट्याच्या चपला मागवल्या. सुलभाने त्यावरून मला एका शब्दाने टोमणा मारला नाही, याचाच मला राग आला.

पुढे ती एकच पाय उरलेल्यांसाठी एकेका पायाची चप्पल न्यायला लागली. जोड घ्यायची, एक पिशवीत टाकायची, एक माझ्या काउंटरवर ठेवायची आणि म्हणायची, राहू दे गो, येईल कोणीतरी. मी कटकट करायची की हे दुकान आहे, भंगारखाना नाही. पण येतच राहायचं कोणीतरी. लोक तिला पायवाली सिस्टर म्हणायला लागले ते तेव्हापासून.

तिच्या बोलण्यात काही शब्दांना बंदी होती. ‘बिचारा’ म्हटलेलं तिला खपायचं नाही. ‘पाय गेला’ म्हटलं की विचारायची, कुठे गेला, एसटीने गेला? पाय कापला, असं म्हणायचं. सांत्वनाला आलेल्या बायका या शब्दाने दचकायच्या. पण ज्याचा पाय कापलेला असायचा तो मात्र बहुतेक वेळा हसायचा, आणि मग पहिल्यांदा काहीतरी खायला मागायचा, हे मी दोनतीनदा स्वतः पाहिलं.

हे सगळं कुठून सुरू झालं ते तिने मला एकदाच सांगितलं. आम्ही मागल्या दारी ओले काजू सोलत बसलो होतो, हातांना तेल लावून. ती नोकरीला नवी होती तेव्हाची गोष्ट. मिरकरवाड्याच्या एका बोटीवरचा खलाशी होता, जाळं ओढायच्या विंचच्या दोरात त्याचा पाय अडकला. बेशुद्धच आणला. भावाने कागदावर अंगठा उठवला, पाय कापला. तो शुद्धीवर आला, चादरीखाली हात घालून चाचपलं आणि अगदी साध्या आवाजात त्याने हिला विचारलं, “सिस्टर, माजा पाय कुठं ठेवलाव?”

त्याला वाटलं, कपडे काढून ठेवतात तसा कुठेतरी ठेवला असेल. ही म्हणाली, डॉक्टर सांगतील. डॉक्टरांना वाटलं, भावाने सांगितलं असेल. भावाला वाटलं, सिस्टर सांगेल. तो येईल त्याला विचारत राहिला. वॉर्डात झाडू मारणारीला ठाऊक होतं, शेजारच्या खाटेवरच्याला ठाऊक होतं, ज्याचा पाय त्यालाच कोणी सांगायला तयार नाही. पाय नातेवाइकांच्या ताब्यात दिला होता, त्यांनी तो किनाऱ्याकडे कुठेतरी पुरला. पुढे हा खलाशी कुबड्या घेऊन किनाऱ्यावर फिरायचा आणि म्हणायचा, जागा तरी दाखवा. कोणी दाखवली नाही, कारण पुरणाऱ्यालाच नीट आठवत नव्हती.

एवढं सांगून ती काजू सोलत राहिली. मी विचारलं, मग? म्हणाली, मग काय, मग मी सांगायला लागले.

तिची सांगायची एक रीत होती. ऑपरेशनच्या आधी ती नातेवाइकांना चहाला पिटाळायची, सगळ्यांना, अगदी बायकोलाही. मग पेशंटच्या खाटेशी खाली जमिनीवर बसायची, म्हणजे त्याला तिच्याकडे वर बघावं लागू नये. कुठून कापणार ते त्याच्या पायावर बोट ठेवून दाखवायची. नाही कापला तर काय होईल ते सांगायची, तेही लपवायची नाही. पाय बघायचा आहे का, नंतर कुठे पुरायचा, कोणी पुरायचा, हे विचारायची. शेवटी म्हणायची, नाही म्हणायचं असेल तर नाही म्हण. पाय तुझा आहे.

यावरून तिने पुष्कळ बोलणी खाल्ली. एका डॉक्टरांनी तिला बोलावून झापलं की सिस्टर, तुम्ही असं सांगता म्हणून पेशंट पळून जातात. ही म्हणाली, स्वतःच्या पायाने पळतात ना, पळू देत, येतील. आणि यायचे. संध्याकाळी नाही म्हणणारा माणूस रात्रभर छताकडे बघायचा आणि सकाळी हो म्हणायचा. पहिल्यांदा नाही म्हणायला मिळालं की माणूस हो म्हणतो, असं तिचं म्हणणं होतं. इतकी वर्षं ते खरं ठरत आलं होतं.

पाय कापलेल्यांना ती रविवारी घरी बोलवायची आणि अंगणात पडायला शिकवायची. हो, पडायला. म्हणायची, पडणार तर आहेतच, आमच्याकडच्या चढउताराच्या घाट्या, पावसाळ्यातलं शेवाळ, चिऱ्याच्या पायऱ्या, कुठे कुठे सांभाळणार? मग नीट पडायला आलं पाहिजे, आणि कोणाच्या हाताशिवाय उठायला आलं पाहिजे. दादा सकाळी भाताचा पेंढा पसरून ठेवायचा. मग ही मोठमोठी माणसं, कोणी रिक्षावाला, कोणी मासळी विकणारी, दापोलीच्या कॉलेजातली एक मुलगी, अशी धडाधड पेंढ्यावर पडायची आणि उठायची. दादा पडवीत बसून शेरे मारायचा. हा पडला म्हणजे पिकलेला फणसच पडला, वगैरे. वहिनी घावणे घालायची, मी गडग्यावरून चहाचं भांडं द्यायची. पुष्कळ हसायचे सगळे. मी आता हे लिहिते आहे आणि ते हसणं मला ऐकू येत नाही, नुसती माणसं पडताना दिसतात.

सरकारी दाखल्यांसाठीही तीच भांडायची. एका कचेरीत अपंगांची तपासणी दुसऱ्या मजल्यावर ठेवली होती. हिने जिन्याच्या तोंडाशी चटई टाकली, सगळ्यांना तिथे बसवलं आणि वर निरोप पाठवला की ज्यांना पाय आहेत त्यांनी खाली यावं. साहेब दुपारपर्यंत आले नाहीत. दुपारी त्यांना जेवायला खाली यावंच लागलं, आणि जिन्यात चटई. दाखले चटईवरच झाले. दरवर्षी पुन्हा तपासणीला या म्हणणाऱ्या कारकुनाला तिने विचारलं होतं, का हो, पाय परत उगवला का ते बघायचंय?

आणि बधिर पाय शोधायला ती गावोगाव जायची. तिच्या पिशवीत तंगुसाचा एक तुकडा असायचा, मासेमारीचा जाड नायलॉन धागा असतो तो. डोळे मिटायला सांगायची आणि धाग्याचं टोक तळपायाला टेकवायची, कळलं की हां म्हणायचं. मिरकरवाड्यात मासळीचा लिलाव आटपला की बर्फाच्या खोक्यांवर बायकांना बसवून ती हे करायची. बायका गुदगुल्यांनी किंचाळायच्या. मग एखादी नुसती बसून राहायची, डोळे मिटून, वाट बघत, आणि बाकीच्या हळूहळू गप्प व्हायच्या.

एकदा तिने घरच्या पडवीत दादाचेच पाय तपासायला घेतले. त्याला साखर होती बऱ्याच वर्षांची. दादा डोळे मिटून ऐटीत म्हणाला, हां. हां. हां. सुलभाने हात मागे घेतला. धागा तिच्या मांडीवर, आणि दादा आपला चालूच, हां. हां. आम्ही सगळे पोट धरून हसलो. दादाने डोळे उघडले, काय झालं ते ओळखलं आणि तोही हसला. सुलभा हसली नाही. धागा गुंडाळून आत गेली.

तिची खरी धास्ती होती ती शिमग्याची. आमच्याकडे शिमग्यात ग्रामदेवीची पालखी निघते, घरोघर जाते, मग भर दुपारी सडा, म्हणजे कातळाचा उघडा माळ, ओलांडून पलीकडच्या वाडीत. पालखी खांद्यावर घेणारा अनवाणीच असतो, आणि तो नुसता चालत नाही, पालखी नाचवतो. फाल्गुनातलं ऊन, सड्यावरचा काळा कातळ. चांगल्या पायांच्या माणसाला चटका बसला की तो उडी मारतो, ज्याचा पाय बधिर तो नाचत राहतो. दरवर्षी शिमग्यानंतर हिच्याकडे भाजलेले तळवे यायचे. अशी चूक आमच्याकडचीच माणसं करणार, वर म्हणणार, देवीच्या कृपेने काही जाणवलंसुद्धा नाही.

म्हणून ती गावच्या बैठकीत उभी राहिली. बायका तिथे मागे बसतात, ही पुढे जाऊन उभी राहिली. म्हणाली, ज्यांना साखर आहे त्यांना जाड मोजे घालून पालखी घेऊ दे. खूप गदारोळ झाला. रूढी मोडते, देवी कोपेल, उद्या बूट घालाल. शेवटी गुरवाने, म्हातारा माणूस, देवीला कौल लावला आणि सांगितलं की आईची ना नाही. त्या वर्षी शिमग्याला बरीच माणसं मोजे घालून नाचली. दोघंतिघं माझ्याच दुकानातून घेऊन गेली.

दादाने नाही घातले. दादा मानकरी होता, पालखी देवळाबाहेर काढताना पहिला खांदा त्याचा. तो म्हणाला, मानकऱ्याने मोजे घालायचे, तर मग पालखी तरी कशाला, टेम्पोतून न्या देवीला. सुलभाने पुष्कळ सांगितलं. वहिनीने सांगितलं. तो अनवाणी गेला, सडाभर नाचला, आणि उन्हं कलल्यावर गुलालात माखून घरी आला, इतका खूश की मी त्याला तसं कधी पाहिलं नव्हतं. पडवीच्या लादीवर त्याची पावलं उमटली होती, लाल. वहिनीने विचारलं, हे काय? म्हणाला, गुलाल आहे गो. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच गुलाल वाटला.

पुढचं भराभर झालं. त्याने आठवडाभर पाय लपवला, मग वास लपेना. एका खाजगी हॉस्पिटलात नेलं. गुडघ्याखाली कापावा लागेल असं डॉक्टरांनी वहिनीला आणि प्रशांतला बाहेर बोलावून सांगितलं, आणि उशीर करू नका म्हणाले. प्रशांत त्याच सकाळी मुंबईहून आला होता. मी डबा घेऊन गेले होते, म्हणून हे सगळं माझ्यादेखत झालं.

दादाला सांगायचं नाही असं त्या दोघांनी ठरवलं. नुसती जखम साफ करायची आहे म्हणायचं, सही प्रशांतने करायची. दादा हट्टी, त्याला विचारलं तर तो हो म्हणणार नाही, हे वहिनीला चाळीस वर्षांच्या संसारातून माहीत होतं. यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. जगभर असंच करतात. प्रशांत सुलभाला म्हणाला, आत्या, या वेळी तू गप्प बस. वहिनीने तिचे दोन्ही हात धरले.

“एकदाच, सुलू,” ती म्हणाली. “कापून झाल्यावर मी त्याच्या पायाशी बसेन, तो काय म्हणेल ते ऐकेन. तू फक्त आत जाऊ नको.”

सुलभा बराच वेळ हात तसेच देऊन उभी होती. मग सोडवून घेतले आणि म्हणाली, तुम्ही सगळे चहा पिऊन या. स्वतःच्या वहिनीला ती हे म्हणाली. कोणी चहाला गेलं नाही. ती आत गेली, आणि दार अर्धं उघडं राहिलं.

ती खाटेशी खाली बसली. पायावर बोट ठेवून कुठून कापणार ते दाखवलं. नंतर कृत्रिम पाय कसा बसतो, किती दिवसांत चालता येतं, सगळं नेहमीसारखं, त्याच आवाजात. दादाने ऐकून घेतलं. मग म्हणाला, “सुलू, तुझी सगळी माणसं मी अंगणात पडताना बघितली. मला नको.”

ती म्हणाली, नाही कापला तर तू मरशील दादा.

“हां,” दादा म्हणाला.

त्या हां ने तिचा पुरता घात केला. पुढे तिने मला एकदा विचारलं होतं, तुला काय वाटलं, त्याला कळलं होतं का गो? की तो नुसता हां म्हणाला? मी दाराशी होते, मी ऐकलं, आणि मला सांगता आलं नाही. अजून येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा आत गेली. आजवर सगळे सकाळी हो म्हणाले होते. वहिनी बाहेर बाकावर देवीचं नाव घेत होती. दादाने सुलभाकडे बघितलं आणि म्हणाला, नाय म्हटलं ना. तिने बाहेर येऊन आम्हाला सांगितलं, तो नाही म्हणतोय. प्रशांत तिच्या अंगावर ओरडला, तिने ते ओरडणं उभ्याने ऐकलं.

दुपारनंतर ताप चढला. दादा बरळायला लागला, शाळेची घंटा द्यायची राहिली म्हणाला. आता तो शुद्धीत नाही, आता मी सही करतो, असं प्रशांत डॉक्टरांना म्हणाला. डॉक्टरांनी सुलभाकडे पाहिलं, तिला सगळे ओळखत होते. ती म्हणाली, शुद्धीत होता तेव्हा नाही म्हणालेला आहे. एवढंच म्हणाली, सही करू नको असं काही म्हणाली नाही. प्रशांतने पेन घेतलं. डॉक्टर दादाला बघायला आत गेले ते परत येऊन म्हणाले, आता नको, आता तो टेबलावरच जाईल. आदल्या दिवशी केलं असतं तर वाचला असता का, हे प्रशांतने विचारलं. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दादा गेला. वहिनी रडली नाही, बाकावरून उठली, सुलभापुढे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “तू मारलंस त्याला.” त्यानंतर ती तिच्याशी बोलली नाही.

गावात दोन्ही बाजूंनी बोलणारे होते. माझ्या दुकानात चपला घालून बघता बघता बायका मला विचारायच्या, तुला काय वाटतं? मी म्हणायची, साइज सांगा. मला खरंच काही वाटत नव्हतं. दादा मला सख्ख्या दिरासारखा, मी त्याच्या हातचे आंबे खाल्लेत वर्षानुवर्षं, आणि तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं, शटरला तेल घातलं, माल लावला. रडू येईल म्हणून थांबले होते. ते काही आलं नाही.

सुलभाचंही तेच. तेरावं झालं आणि ती लांज्याच्या एका माणसाला भेटायला हॉस्पिटलात गेली, त्याचा पाय कापायचा होता. मी तिला वाटेत गाठून विचारलं, अजून सांगतेस, नाही म्हणायचं असेल तर नाही म्हण? म्हणाली, हो. मी म्हटलं, तोंडातून निघतं कसं? ती म्हणाली, निघतं आपोआप. मग थोडं चालल्यावर म्हणाली, मला काहीच वाटत नाही गो. रडायला म्हणून बसते आणि नुसती बसूनच राहते.

घर तेच, दोघी त्याच घरात. सुलभा जाणार कुठे, आणि वहिनी तिला जा म्हणाली नाही. सकाळचा स्वयंपाक वहिनी करायची, संध्याकाळचा सुलभा. एकीने वाढून झाकून ठेवायचं, दुसरीने काढून घ्यायचं. देवापुढे दिवा दोघी लावायच्या, वेगवेगळ्या वेळी. मला गडग्यावरून दोघी दिसायच्या, एक मागल्या दारी, एक पुढल्या. काही सांगायचं असेल तर वहिनी मला मोठ्याने सांगायची, गॅस संपत आलाय म्हणावं. सुलभा तिथेच विळीवर नारळ खोवत असायची. मी म्हणायची, ऐकलंस ना? ती मान हलवायची. रविवारची माणसं यायची बंद झाली नाहीत, सुलभा आता पेंढा स्वतः पसरायची. वहिनी घावणे घालायची नाही, पण चुलीवर चहाचं आधण ठेवून निघून जायची. हे वर्षभर चाललं.

पुढच्या शिमग्याला पालखी त्यांच्या दारात आली तेव्हा दोघींनी मिळून ओटी भरली, बोलल्या नाहीत. नवा मानकरी मोजे घालून आला होता. वहिनी त्या मोज्यांकडे बघत राहिली, पालखी उचलेपर्यंत.

त्यानंतर मी दुकान विकलं. गुडघे साथ देईनात, मुलगी पुण्याला बोलवत होती. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मी भांडी बांधत होते आणि खिडकीतून मला त्यांची पडवी दिसली. सुलभा पायरीवर बसून तांदूळ निवडत होती. वहिनी आतून आली. थोडी लंगडत होती. तिलाही साखर होतीच, पण ती डॉक्टरकडे जायची नाही. सुलभाच्या समोर तिने पाट ओढला, बसली, लुगडं घोट्यापर्यंत वर घेतलं आणि उजवा पाय पुढे केला. अंगठ्याशेजारचं बोट काळं पडलं होतं, ते मला गडग्याच्या अलीकडून कळलं.

“तुझ्याशी माझं बोलणं नाय,” वहिनी म्हणाली. “पण तू खोटं सांगणार नायस. प्रशांतला नंतर सांग, डॉक्टरला नंतर विचार. आधी मला सांग.”

सुलभाने तांदळाचं ताट बाजूला सारलं. पायरीवरून उतरून ती खाली जमिनीवर बसली आणि तो पाय मांडीवर घेतला. तिने बोट दाबून पाहिलं, वास घेतला, घोट्यापाशी नाडी लागते का ते बराच वेळ बघितलं. मग ती सांगायला लागली. बोट कापावं लागेल, ते नक्की. लवकर केलं तर तेवढ्यावर भागेल बहुतेक, उशीर केला तर पाऊल, आणखी उशीर केला तर आणखी वर. कुठपर्यंत, ते तिने बोटाने दाखवलं. तिचा आवाज तसाच होता, सगळ्यांना सांगायची तसाच. वहिनी पायाकडे न बघता तिच्या तोंडाकडे बघत ऐकत होती.

सांगून झालं. आता पुढचं वाक्य यायचं होतं, ते मला पाठ होतं. सुलभा थांबली. तिला ते म्हणता येईना.

“आणि मी नाय म्हटलं तर?” वहिनीनेच विचारलं.

सुलभाने मान वर केली नाही.

“तर नाय,” ती म्हणाली. पण पाय तिने दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला होता, आणि वहिनीने तो सोडवून घेतला नाही.